पाच रिव्हर्स, एक फॉरवर्ड
शेडमधून : वाचकांची पत्रं, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, रामराम. आम्ही तिघं मित्र, कोल्हापूरचे. एकाची शिरोलीला फाउंड्री आहे, एकाचं उद्यमनगरात मशीन शॉप, आणि मी मेकॅनिकल डिप्लोमा. गेल्या दिवाळीपासून पाइपची चासी बांधून दोन सीटची गाडी करतोय. इंजिन मागे, सीटच्या पाठीशी घ्यायचंय. पाठीमागून ठोकलेली २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट बघून ठेवली आहे. भंगारवाला नुसतं इंजिन-गिअरबॉक्स द्यायला तयार आहे, अख्ख्या गाडीच्या निम्म्या किमतीत. त्याच्याकडे डिझेल स्विफ्टचं इंजिनही पडलंय. कुठलं घ्यावं? फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे, ब्रॅकेट आमच्याच फाउंड्रीत ओतले तर चालतील का? आणि गाडीचं पासिंग होईल का? सोबत आकृती पाठवतोय.
– तिघं मित्र, कोल्हापूर

उत्तर : रामराम पोरांनो. आकृती छान काढली आहे, पण तिच्याप्रमाणे गाडी बांधली तर तिला पाच रिव्हर्स गिअर आणि एक फॉरवर्ड मिळेल.

हसू नका, माझं बोलणं शब्दशः घ्या. तुम्ही सायलेन्सरला जागा व्हावी म्हणून इंजिन अर्धा फेरा फिरवून बसवलंय; स्विफ्टमध्ये डावीकडे असतो तो गिअरबॉक्स तुमच्या आकृतीत उजवीकडे आलाय. आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसलेलं, इंजिन असं फिरवलं की एक्सल उलटे फिरायला लागतात. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील (एक्सल फिरवणारं मोठं दातेरी चाक) पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाच्या, दुसऱ्या बाजूला बसवून हा घोळ सोडवता येतो, कारण तिथं शाफ्ट काटकोनात वळतो. स्विफ्टमध्ये सगळे शाफ्ट समांतर आहेत. तिथं क्राउन कुठल्याही बाजूला न्या, फिरण्याची दिशा तीच राहते. त्यामुळे इंजिन स्विफ्टमध्ये ज्या तोंडाने बसलं होतं, त्याच तोंडाने उचलून मागे ठेवा. सायलेन्सरचं काय करायचं ते नंतर बघू, पाइप वाकतो.

आता खरेदीकडे येतो. निम्म्या किमतीत नुसतं इंजिन घेऊ नका. अख्खी गाडी घ्या. मी हे स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलोय. एकतीस वर्षं एका कारखान्याच्या प्रोटोटाइप शॉपमध्ये काढली. तिथं आम्ही 'म्यूल' बांधायचो, म्हणजे जुन्या गाडीच्या अंगात नवं इंजिन घालून ती पळवून बघायची. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता आपल्यासाठी एक बांधू. सासवडला भावाच्या शेतातल्या शेडमध्ये पाइपची बग्गी उभी केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून इंजिन, गिअरबॉक्स आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, घेऊन आलो. सगळं जोडलं, सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पेटत मात्र नाही. स्पार्क नाही, इंजेक्टर गप्प. दोन दिवस मी वायरिंग तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला: किल्ली नव्हती. आजच्या गाडीच्या किल्लीच्या मुठीत एक चिप असते, तिचा कोड ईसीयूला ओळखीचा असतो. ओळख पटली नाही तर ईसीयू इंजिन पेटूच देत नाही. भंगारवाल्याला फोन केला, तर म्हणाला, 'किल्ली कोण ठेवतंय साहेब?' त्याचंही बरोबरच होतं, मी मागितलीच नव्हती.

वांग्याचं रोप वाफ्यातून उपटताना मुळाशी मातीचा गड्डा धरून काढतात ना, तसं हे काम आहे. इंजिनाच्या मुळाशी काय काय येतं? ईसीयू, त्याची जोडीची किल्ली आणि इग्निशन लॉकभोवतीचं कडं, इंजिनाचं वायरिंग, फ्यूज बॉक्स, मीटर, पेट्रोलची टाकी आतल्या पंपासकट, रेडिएटर पंख्यासकट, एअर फिल्टरचा डबा. अ‍ॅक्सिलरेटरला तार नसून पेडललाच सेन्सर असेल तर ते पेडलसुद्धा. ईसीयूला त्याच पेडलची भाषा कळते. पुढची दोन्ही चाकं, नकल (चाक धरणारा सांधा), लोअर आर्म, एक्सल, क्रॉस मेंबर (हे सगळं धरणारी आडवी तुळई) हेही सगळं लागणार आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. हे सुटं सुटं विकत घ्यायला गेलात तर निम्म्या किमतीचं इंजिन दुपटीला पडेल. आणि अख्खी गाडी घेतली की आणखी एक सोय आहे, ती म्हणजे उचलण्याआधी ती चालू करून बघता येते. गरम होऊ द्या, स्कॅनर लावा, चेक इंजिनचा दिवा का पेटतो ते तिच्याच अंगात असताना शोधा. एकदा का ते तुमच्या चासीत गेलं की दोष इंजिनाचा की तुमच्या वायरिंगचा, यावरून तिघांची भांडणं होतील.

घेताना कागद बघा. विमा कंपनीने टोटल लॉस केलेली गाडी असेल तर आरसी रद्द झाल्याचा कागद, विक्रीचं बिल, आणि कागदावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबरशी स्वतः डोळ्यांनी ताडून. नंबर घासलेला दिसला तर चहाही न पिता निघा.

डिझेलचा मोह सोडा. ते १२४८ सीसीचं इंजिन उत्तम आहे यात वाद नाही. मूळ फियाटचं, आपल्या रांजणगावातही बनायचं, आणि एके काळी इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. टॉर्क १९० न्यूटन मीटर. पण ते पेट्रोलपेक्षा जड आहे, टर्बो आणि इंटरकूलरला जागा मागतं, आणि कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो. त्या पाइपांशी पहिल्याच प्रयोगात खेळू नये. तुमची गाडी साडेपाचशे-सहाशे किलोत बसेल. तेवढ्या वजनाला ११९७ सीसीचं पेट्रोल इंजिन भरपूर होतं. मूळ स्विफ्ट साडेनऊशे किलोच्या आसपास असते, हे लक्षात घ्या, म्हणजे पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर दाबताना पाय जपून पडेल.

इंजिन उतरवण्याआधी एक काम विसरू नका. हेड कव्हरच्या कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवून इंजिन किती अंश कललंय ते मोजा, दोन्ही दिशांनी, आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा. नव्या चासीत तोच कोन राहिला पाहिजे. चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं, ऑइल आणि ते ओढणारी जाळी त्या कोनासाठी बनलेली असते. एक्सलचा कोनही त्यावरच ठरतो. सीव्ही जॉइंटला, म्हणजे एक्सलच्या वाकणाऱ्या सांध्याला, जास्त वाकवलं की तो कटकट करत लवकर जातो.

फाउंडेशनच्या ब्रॅकेटचं म्हणाल, तर फाउंड्रीवाल्याचा हात शिवशिवतो हे मला कळतं, पण साधं बीड (ओतीव लोखंड) वापरू नका. बीड दाब सोसतं, ओढ आणि हिसका सोसत नाही, तडकन तुटतं. एसजी आयर्न, म्हणजे सहज न तडकणारं बीड, चालेल, पण त्यासाठी पॅटर्न बनवत बसण्यापेक्षा ६ मिलीमीटरची प्लेट कापून, कोपऱ्यात गसेट (आधाराची तिकोनी पट्टी) देऊन वेल्ड करा. आणि स्विफ्टचे मूळ रबर तसेच वापरा. इंजिन थेट चासीला बोल्ट केलं तर अर्ध्या तासात हाताला मुंग्या येतील आणि महिन्यात वेल्ड तडकतील. ब्रॅकेट आधी नुसते टॅक मारा (ठिपक्या-ठिपक्यांनी जोडा), इंजिनाचं पूर्ण वजन चेन ब्लॉकवरून उतरवून त्यावर बसू द्या, एक्सल घाला, चाकं वर-खाली करून बघा, मग पूर्ण वेल्डिंग.

रबरावरून आठवलं. इंजिन रबरावर बसतं म्हणजे विजेच्या दृष्टीने ते हवेत लटकलेलं असतं. बॅटरीची अर्थिंगची जाड वायर इंजिनाला स्वतंत्र जोडावी लागते. सासवडला मी ती विसरलो. सेल्फ मारला आणि शेडमध्ये जळका वास. सेल्फला लागणारा एवढा मोठा करंट परत जायला रस्ता शोधत होता, त्याला अ‍ॅक्सिलरेटरची तार सापडली. तारेचं प्लास्टिक वितळून आतच चिकटलं. इंजिन पेटलं असतं तर थ्रॉटल उघडाच अडकला असता. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाची ही गत. भाऊ अजून पाहुण्यांना सांगतो.

आता मागच्या चाकांचं. स्विफ्टचा पुढचा सगळा सांगाडा तुम्ही मागे नेताय, म्हणजे वळणारी चाकं मागे जाताहेत. त्यांचं वळणं बंद करायला टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) चासीला पक्के करावे लागतात, हे तुम्ही आकृतीत केलंय. पण कुठं पक्के केलेत? जवळचा पाइप दिसला तिथं. तसं नाही चालत. मूळ गाडीत स्टिअरिंग रॅकची आतली टोकं ज्या उंचीला आणि ज्या अंतरावर होती, बरोबर तिथंच ती आली पाहिजेत. नाहीतर चाक खड्ड्यात वर-खाली झालं की आपोआप आत-बाहेर वळेल, आणि गाडीचं ढुंगण स्वतःच्या मनाने फिरेल. म्हणून क्रॉस मेंबर काढण्याआधी ही मापं घ्या. नंतर ती कुणी देणार नाही.

ब्रेकचाही उलटा हिशोब करा. स्विफ्टचं बहुतेक वजन पुढं, म्हणून पुढं डिस्क आणि मागं ड्रम. तुमचं वजन मागं गेलंय. पुढचे डिस्क सांगाड्यासोबत मागे आले आणि मागचे ड्रम पुढं लावले, तर ब्रेक मारताच मागची चाकं आधी लॉक होतील. चारही बाजूंना डिस्क लावा, पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळे मास्टर सिलिंडर द्या, आणि मधे पुढं-मागं जोर वाटून देणारा बार घाला. बूस्टर काढलात तर पेडलची तरफ वाढवावी लागेल.

गिअरच्या तारा. स्विफ्टमध्ये केबिन गिअरबॉक्सच्या मागे होती, आता ती पुढं आली. म्हणजे जी तार ढकलत होती ती ओढायला लागेल, आणि पहिला टाकायला गेलात तर दुसरा पडेल. एकतर लांब तारा घेऊन मागून मोठ्या वळणाने आणा, किंवा गिअरच्या दांड्याखालचा बिजागर बदलून दिशा उलटी करा. वळण लहान ठेवलं तर गिअर टाकायला दोन्ही हात लागतील.

पाण्याच्या बाबतीत मात्र थांबून वाचा, कारण माझं एक हेड तिथं गेलंय. रेडिएटर पुढं, इंजिन मागं, मधे दोन लांब पाइप. मी स्टीलचे पाइप कापले, त्यावर होज चढवून क्लिप आवळली. शेतातल्या तिसऱ्या फेरीत होज सटकला. पाइपाच्या टोकाला उभारलेली कड नव्हती, गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळा, गरम पाण्याच्या दाबाने ती सरकतेच. पाणी एका क्षणात गेलं आणि गंमत म्हणजे काटा वर चढलाच नाही, कारण सेन्सरला पाणीच लागत नव्हतं. हेड वाकलं. तेव्हा मशीन शॉपवाल्या मित्राला सांगा, पाइपाच्या प्रत्येक टोकाला कड काढ. सगळ्यात उंच जागेवर हवा काढायचा स्क्रू ठेवा, कारण लांब पाइपात हवा अडकते. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा वॉल्व्ह) काढून फेकू नका. पंखा ईसीयूच्याच हुकमावर चालू द्या.

पेट्रोलला कार्ब्युरेटरच्या दिवसांतली सवय चालणार नाही. तिथं पंप पाव बारने ढकलायचा, इथं सुमारे ३ बारचा दाब असतो. साधा रबरी पाइप फुटेल आणि तो फुटणार कुठं, तर तुमच्या पाठीमागे, गरम सायलेन्सरच्या वर. इंजेक्शनसाठीचाच होज घ्या, टाकी आणि सीट यांच्यामधे पत्र्याची पूर्ण भिंत घाला. टाकी स्विफ्टचीच वापरा. घरी बनवलेल्या सपाट टाकीत वळणावर पेट्रोल एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा ओढतो.

सायलेन्सर आता. मॅनिफोल्डपासून ऑक्सिजन सेन्सरपर्यंत कुठंही गळती ठेवू नका. तिथून बाहेरची हवा आत गेली की ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो. मग गाडी काळा धूर काढते आणि सगळे म्हणतात इंजेक्टर खराब.

राहिलं पासिंग. होणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं. आणि तुमची गाडी तर बदललेलीही नाही, नवीच आहे. नव्या प्रकारच्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि ती सगळी व्यवस्था कारखान्यासाठी आहे, तिघा मित्रांसाठी नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून नंबर देण्याची सोय आहे, आपल्याकडे तशी वाट नाही. कुणी एजंट 'स्विफ्टची आरसी लावून देतो' म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा हात वर करेल आणि तुम्ही तिघं कोर्टात. शेतात चालवा, ट्रॅकवर न्यायची तर टेम्पोत घालून न्या.

पुढच्या पत्रात आकृती नको, क्रॉस मेंबरची मापं पाठवा.

प्रश्न : काका, माझ्या वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ते गेल्यावर पाच वर्षं झाकून ठेवली होती. आता चालू केली, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांत उकळते. मेकॅनिक म्हणतो, 'मॅडम, मारुतीचं इंजिन टाकून देतो, एसीही बसेल, कटकट मिटेल.' करू का? गाडी विकायची नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, नका करू. कायद्याचं कारण वरच्या उत्तरात आलंच आहे. आरसीवर १०८९ सीसी आणि बॉनेटखाली भलतंच, ही गाडी मग ना धड विम्याची ना धड वडिलांची.

मेकॅनिकची कल्पना वेडी नाही, एवढं त्याच्या बाजूने बोलतो. हेच काम आपल्या कारखान्यांनी केलेलं आहे. तुमच्या पद्मिनीच्याच कंपनीने ११८ एनई काढली, तिचं अंग फियाट १२४ च्या घराण्यातलं आणि इंजिन निसानचं ११७१ सीसीचं. काँटेसाचं अंग ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, आणि नंतर तिच्यात आलं जपानच्या इसुझुचं १८१७ सीसीचं इंजिन. तेच इंजिन अँबॅसडरमध्ये गेलं आणि तिथून अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत बनलेल्या फायबरच्या चिंकारा रोडस्टरमध्येही. पण कारखाना हे करतो तेव्हा ब्रेक, रेडिएटर, गिअरबॉक्स, सगळ्याचा हिशोब नव्याने मांडतो. गल्लीतला मेकॅनिक इंजिन बसवतो आणि ब्रेक १९८४ चेच ठेवतो. शिवाय मारुतीची बहुतेक इंजिनं आडवी, पुढची चाकं फिरवणारी. पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि जोर मागच्या चाकांना. त्याला जिप्सीचा गिअरबॉक्स शोधावा लागेल, कारण जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं इंजिन एस्टीमच्याच घराण्यातलं असून उभं बसतं. तो गिअरबॉक्स तुमच्या गाडीच्या तळातल्या बोगद्यात बसावा म्हणून पत्रा कापावा लागेल. खालून पत्रा कापला की ती गाडी परत जुळत नाही, हे त्याला विचारा, तो मान्य करेल.

पुढंमागं पद्मिनीचं रूप ठेवून कटकट खरोखर मिटवायचीच झाली, तर कायद्याने उघडी असलेली वाट इंधन बदलण्याची आहे. मान्यताप्राप्त किट, आरटीओची नोंद, आरसीवर बदल, असं सगळं रीतसर करून विजेवर नेता येते. खर्च बराच येतो आणि ते इंजिन खुरखुरणं जातं. ते तुम्ही ठरवा.

पण मला वाटतं तुमचं इंजिन आजारी नाहीच. पाच वर्षं उभ्या गाडीत नळाचं पाणी राहिलं असेल, त्याचा गंज रेडिएटरच्या नळ्यांत बसलाय. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांतून सळई घालून गंज काढून घ्या, पाण्याचा पंप खोलून पाती झिजलीत का बघा, होज दाबून पाहा, आतून मऊ झालेला होज बदला. मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. आणि हे सगळं करण्याआधी हेडवरची थर्मोस्टॅटची टोपी उघडायला लावा. माझा अंदाज आहे, आत थर्मोस्टॅट नसेलच. कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो.